बाबा घरी पोचले

माझ्या सासऱ्यांच्या फोनमध्ये मी चोरून अ‍ॅप टाकलं. चोरून म्हणजे चोरूनच, त्याला उगाच गोड शब्द कशाला शोधू? टाकायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांचा मला इतका गर्व होता की पुढचे तीन आठवडे मी घरात मान वर करून फिरत होते.

मी मयुरा. झाशीत बडा बाजारच्या मागे, पहिल्या मजल्यावर आमचं घर. जिन्यालगतच्या खोलीत माझं ऑनलाइन सेंटर आहे. सेंटर म्हणजे काय, तर एक कंप्यूटर, एक प्रिंटर आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. परीक्षांचे फॉर्म, दाखल्यांचे फॉर्म, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, असली कामं. आणि दुसरं काम म्हणजे लोकांच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून देणं.

हसू नका. तुम्हाला वाटतं, अ‍ॅप काय कुणीही फोनवरच उतरवून घेईल. पण आमच्या मोहल्ल्यातले फोन बघा एकदा! कुणाचा भरलेला, कुणाचं नेट संपलेलं, कुणी स्टोअरचा पासवर्डच विसरलेला. मग ते येतात माझ्याकडे. माझ्या कंप्यूटरवर त्यासाठी एक प्रोग्रॅम आहे. फोन केबलने जोडला की पडद्यावर डावीकडे फोनचं चित्र येतं आणि उजवीकडे अ‍ॅपची भली मोठी यादी. हवं ते निवडायचं. ते आधी कंप्यूटरवर उतरतं, मग केबलमधून फोनात जातं, आणि शेवटी हिरवी खूण येते. प्रोग्रॅम फुकटचा आहे, म्हणून मधेमधे रमीच्या जाहिराती दाखवतो आणि न विचारता स्वतःचं एखादं अ‍ॅप बरोबर ढकलायला बघतो. मी त्याची खूण आधीच काढून टाकते. इतकी वर्षं झाली, अजून मला फसवू शकलेला नाही. "भाभी जी के यहाँ ले जाओ, तार लगा के डाल देंगी," असं माझं नाव आहे मोहल्ल्यात.

तर बाबा. माझे सासरे, जगन्नाथराव, वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेत छत्तीस वर्षं मालगाडीचे आणि मग पॅसेंजरचे गार्ड. आता म्हणे गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. बाबांना ते मुळीच पसंत नाही. "मॅनेजर दुकानात असतो, गाडीवर गार्डच असतो," म्हणतात. गाडी कुठे किती मिनिटं खोळंबली ते गार्डला आपल्या जर्नलमध्ये लिहावं लागतं. बाबांनी ती सवय घरातही सोडली नाही. चहाला उशीर झाला की चष्म्यावरून बघत म्हणणार, "मयुरा, बारा मिनिटं लेट. लिहू का?" मी म्हणायची, "लिहा, आणि खाली सही करा." असं आमचं चालायचं. माहेरी वडील लवकर गेले माझे. सासरा म्हणून नाही, मला हा माणूस आवडतो.

मार्चमध्ये एके दिवशी बाबा हरवले. सकाळी देवळात गेले ते आलेच नाहीत. दुपारी इलाइट चौराह्यावरून एका ट्रॅफिक पोलिसाचा फोन आला. हातात डब्याची पिशवी घेऊन बाबा त्याला विचारत होते, "गार्ड लॉबी को कौन सी टेम्पो जाएगी? हमारी ड्यूटी लग गई है." निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेला माणूस! डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार सुरू झालाय. नवं पुसलं जाईल, जुनं राहील. त्यांच्या जुन्या सवयी मोडू नका, त्याच त्यांना धरून ठेवतील. मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

हृषीकेश, माझा नवरा, रेल्वेतच, बीनाला पोस्टिंग. शनिवार-रविवार घरी. तो म्हणाला, फोनमध्ये लोकेशनचं अ‍ॅप टाकू. बाबांनी साफ नाही म्हटलं. "मी काय पार्सल आहे? मग पावतीपण चिकटवा कपाळावर." फोनवरून टाकायची सोय नव्हती, कारण स्टोअरचा पासवर्ड बाबा विसरले होते आणि विसरलोय हे कबूल करायला तयार नव्हते. सोमवारी बीनाची गाडी पकडताना हृषीकेश म्हणाला, "मयुरा, तू बघ ना काहीतरी." झालं! यांचं एवढं म्हटलं की संपलं.

मी बघितलं. "बाबा, फोन द्या, चार्ज करून देते," म्हटलं आणि केबल कंप्यूटरला लावली. फोनच्या सेटिंगमध्ये एका नंबरवर सात वेळा टिचकी मारावी लागते, तेव्हा तो केबलमधून अ‍ॅप घ्यायला तयार होतो. मी सात वेळा मारली. बाबा त्याच खोलीत, माझ्यापासून चार हातांवर, पेपर वाचत बसले होते. "झाला का ग चार्ज?" "होतोय बाबा." पडद्यावर निळी पट्टी सरकत होती आणि माझी मान मात्र तापली होती. हिरवी खूण आली. अ‍ॅपचं चित्र मी कॅलक्युलेटर नि कंपासच्या फोल्डरमध्ये लपवलं आणि फोन परत दिला. "केवढा गरम झालाय," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या कंप्यूटरच्या कोपऱ्यात झाशीचा नकाशा आणि नकाशावर एक निळा ठिपका. ठिपका म्हणजे बाबा. घरातून निघाले की टिंग, 'बाबा घरातून निघाले'. परत आले की टिंग, 'बाबा घरी पोचले'. फोन कुर्त्याच्या खिशातून घसरून पडायला नको, म्हणून बडा बाजारातून मी चांगलं जाड चामड्याचं कव्हर आणलं, झाकणाचं. बघा, किती विचार केला होता मी!

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घराचा जिना मागच्या गल्लीत उतरतो. गॅलरी आहे ती स्वयंपाकघराच्या बाजूला, पुढच्या गल्लीवर. बाबा रोज पुढच्या गल्लीतून जातात-येतात. जाताना कोपऱ्यावर, कपडे इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याच्या टपरीपाशी, वळून हात वर करतात. गॅलरीतून आपण हात वर करायचा. गार्ड आणि स्टेशनमास्तर एकमेकांना दाखवतात तसा. येतानाही तसंच. कोपऱ्यावर थांबायचं, गॅलरीतून हात दिसला की पुढे यायचं, आणि घराखालच्या बोळातून जिन्याकडे. "सिग्नल नाही तर गाडी आउटरलाच, स्टेशनाबाहेर," असं म्हणायचे. सासूबाई होत्या तोवर त्या हात दाखवायच्या. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आणि नुसता हात हलवलेला चालायचा नाही. पूर्ण वर, इकडून तिकडे, सावकाश. "माशा हाकलतेस का ग?" म्हणून मला चारदा करायला लावलं होतं.

अ‍ॅप आल्यावर मी गॅलरीत जायचं सोडलं. ठरवून नाही सोडलं. सुटलं. टिंग वाजतंय की, मग गॅस बंद करून कशाला धावायचं? पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "आज जाताना सिग्नल दिसला नाही." मी म्हटलं, "ऑटोमॅटिक झालंय बाबा आता." ते हसले नाहीत. मग पुन्हा काही बोललेही नाहीत, आणि मला वाटलं, लागली सवय.

आता तो बुधवार. मे महिना, आणि झाशीचा मे म्हणजे सकाळी दहालाच लू, तो भाजणारा वारा, सुटते. माझी मुलगी अनुया, चौदा वर्षांची, आदल्या संध्याकाळी मावशीबरोबर नागपूरला गेली होती सुट्टीला. हृषीकेश बीनाला. घरात मी आणि बाबा. आणि त्या दिवशी कुठल्याशा भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख, त्यामुळे आठ वाजल्यापासून जिन्यावर रांग.

साडेसातला टिंग वाजलं, बाबा निघाले. आठच्या आत ठिपका खंडेराव गेटच्या गणपतीच्या देवळापाशी पोचला. रोज सव्वानऊला परत येतात. साडेनऊला मी बघितलं, ठिपका देवळापाशीच. असेल कीर्तन नाहीतर कुणी भेटलं असेल. साडेदहाला बघितलं, तिथेच. मला तर उलट बरंच वाटलं. देवळात फरशी गार असते, पंखा आहे, बसू देत. अकराला एक मुलगा सही स्कॅन करायला काळ्याऐवजी निळ्या पेनने करून आला, त्याच्यावर ओरडण्यात माझी वीस मिनिटं गेली. बाबांची आठवण नव्हती असं नाही. ठिपका होता ना समोर.

पावणेबाराला सर्व्हर अडकला म्हणून हात रिकामे झाले आणि मी नकाशा मोठा करून बघितला. ठिपका जिथे सकाळी होता तिथेच होता. अगदी तिथेच. माणूस एका जागी बसला तरी उठतो, पाय मोकळे करतो, पाणी प्यायला जातो. ठिपका थोडा तरी इकडेतिकडे होतो. हा केसभर हलला नव्हता. फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

"भाभी जी, फॉर्म?" रांगेतल्या एका पोरीने विचारलं.

"सब लोग बाद में आना," म्हणून मी पर्स उचलली. मागून कुणी म्हणालं, आज शेवटची तारीख आहे. मी काय बोलले ते आठवत नाही, चांगलं नसणार.

मागच्या गल्लीतून स्कूटी काढली आणि खंडेराव गेटला आले. डोक्यात एकच. बाबा पडलेत. पायरीवर पडलेत आणि कुणाचं लक्ष नाही. ऊन असं की हँडल धरवत नव्हतं. देवळाचं दार दुपारचं बंद झालं होतं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. बाजूला फुलवाली कल्याणी उरलेले हार ओल्या फडक्यात गुंडाळत होती. मी धापा टाकत विचारलं, बाबूजी कुठे आहेत?

"बाबूजी तो कब के गए. साढ़े आठ बजे," ती म्हणाली, आणि टोपलीखालचा पत्र्याचा डबा उघडून तिने बाबांचा फोन माझ्या हातात ठेवला. "ये भूल गए आज. हमने आवाज़ भी दी, सुना नहीं. डिब्बे में घंटी बज रही थी, पर हमें ये वाला उठाना नहीं आता."

"तुम्हारे पास कैसे आया?"

"रोज़ हमारे पास ही तो रखते हैं, भाभी जी. कवर चमड़े का है न. कहते हैं, चमड़ा भगवान के सामने नहीं ले जाते."

मी त्या कव्हरकडे बघितलं. बाबा देवळात चामड्याचं पाकीट नेत नाहीत, पट्टा नेत नाहीत, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. कितीदा मीच त्यांना कापडी बटवा शिवून दिलाय. आणि ते कव्हर मी, माझ्या या हातांनी, आणलं होतं! आधी फोन नुसता होता, तर खिशात राहून देवळात जात होता. मी त्याला चामडं चढवलं आणि तीन आठवडे तो फुलवालीच्या डब्यात बसत होता. मी इतकी मूर्ख आहे हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

म्हणजे बाबा साडेआठपासून बेपत्ता होते. साडेतीन तास! आणि मी त्यातला सगळा वेळ एका डब्याकडे बघून, बसू देत आरामात, असं म्हणत होते.

हृषीकेशला फोन लावला. त्याला आधी काही कळेचना. "अगं, लोकेशन बघ ना!"

"लोकेशन माझ्या हातात आहे, हृषीकेश," मी ओरडले. "बाबा नाहीत."

मग तो पुढची गाडी पकडतो म्हणाला.

मार्चमध्ये इलाइटला सापडले होते, म्हणून आधी इलाइटला गेले. पोलिसाला विचारलं, टेम्पोवाल्यांना विचारलं, रसवाल्याला विचारलं. "सफ़ेद कुर्ता, चश्मा, लंबे से हैं, आपने देखा क्या?" अर्ध्या झाशीचे म्हातारे पांढऱ्या कुर्त्यात असतात. तिथून स्टेशन. गार्ड लॉबीत दोघे-तिघे होते, त्यांनी बाबांचं नाव ऐकलं होतं, पण आज कुणी आलं नव्हतं. एक नंबरच्या प्लॅटफॉर्मवरचं प्रत्येक बाकडं मी बघितलं. पंख्याखाली झोपलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडावरचा पंचासुद्धा बाजूला केला. तो दुसराच कुणी निघाला, दचकून उठला बिचारा. रुळांकडे मी बघत नव्हते. बघायची हिंमत नव्हती.

लॉबीतल्या एका सज्जनाने सांगितलं, ताई, चौकीत तक्रार द्या, फोटो लागेल. माझ्या फोनमधले फोटो सगळे सणावारांचे, घोळक्यातले. पण घरी कंप्यूटरमध्ये बाबांचा हयातीच्या दाखल्याचा फोटो होता, समोरून, स्पष्ट. तो छापून आणायला म्हणून मी घराकडे वळले. वाटेत बडा बाजारात प्रत्येक दुकानाच्या सावलीत नजर टाकत होते. लूने डोळे जळत होते. वाटत होतं, आपल्याला हेल्मेट घालून एवढं होतंय, त्यांच्या डोक्यावर टोपीसुद्धा नाही.

मागच्या गल्लीत स्कूटी कशीबशी उभी केली, जिना चढले, सेंटरचं दार ढकललं, आणि कंप्यूटर वाजला.

टिंग. 'बाबा घरी पोचले'.

"बाबा!" अशी हाक मारत मी आतल्या खोलीत गेले. मधल्या खोलीत गेले. न्हाणीघराचं दार उघडलं. आणि मग समजलं. फोन माझ्या पर्समध्ये होता. घरी मी पोचले होते. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि त्या कंप्यूटरला अशा शिव्या दिल्या की बाबांनी ऐकल्या असत्या तर जन्मभर जर्नलमध्ये लिहून ठेवल्या असत्या.

उठून प्रिंटर लावला. बाबांचा चेहरा हळूहळू कागदावर उतरायला लागला. आधी कपाळ, मग चष्मा. दाखल्यासाठी फोटो काढताना म्हणाले होते, "जिवंत आहे ते यांना फोटो बघून कळणार का?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनुया. मला उचलायचा नव्हता, पण पोरगी परगावी, न उचलून कसं चालेल?

"आई, पोचलो आम्ही सकाळीच. मैं सो गई थी. आजोबा आले ना?"

मी काहीतरी हूं केलं. तिला आत्ताच कशाला सांगायचं?

"आणि तू हात दाखवला ना त्यांना?"

"कसला हात?" मी खेकसले. "अनू, मी कामात आहे."

"अगं, गॅलरीतून! रोज मीच दाखवते ना ब्रश करताना. तू कंप्यूटरवर असते. मैं जाते हुए बोलना भूल गई." मग तिचा आवाज जरा हळू झाला. "आई, हात नाही दिसला तर ते येतच नाहीत. पिछले हफ़्ते मी दहा मिनिटं लेट उठले होते, तर तिथेच उभे होते. वेट करत."

फोन मी तसाच टेबलावर टाकला. अनुया पलीकडून "हॅलो, आई" म्हणत होती.

स्वयंपाकघरातून मी कशी गेले मला माहीत नाही. गॅलरीच्या दाराची कडी उन्हाने अशी तापली होती की बोटं भाजली. समोर सकाळीच वाळत घातलेली चादर. ती ओढून काढली.

पुढची गल्ली सुनसान होती. प्रेसवाला लग्नाला गावी गेलेला, टपरी बंद. आणि टपरीच्या पत्र्याखाली, ओट्यावर, बाबा बसले होते. पांढरा कुर्ता, मांडीवर प्रसादाची पुडी, शेजारी प्रेसवाल्याचा माठ आणि उपडा पेला. तोंड आमच्या गॅलरीकडे. घरापासून साठ पावलांवर.

हाक मारणार तेवढ्यात अनुयाचं बोलणं आठवलं. मग मी हात वर केला. उजवा, पूर्ण वर, इकडून तिकडे, सावकाश.

काहीच झालं नाही. माझ्या मनात नको नको ते आलं. मी पुन्हा हात केला. तेव्हा बाबा हलले. ओट्याला धरून उठले, जरा डुलले, कुर्ता सारखा केला, आणि त्यांनी हात वर केला. मग चालायला लागले.

मला खाली धावत जायचं होतं. पण मी हात खाली घेतला आणि ते मधेच उभे राहिले तर? त्या उन्हात? म्हणून मी हात वरच ठेवला. खांदा भरून आला तरी वरच ठेवला. एकेक पाऊल टाकत ते आले, गॅलरीखाली आले, बोळात शिरले, कुर्त्याचं टोक दिसेनासं झालं, तेव्हा कुठे मी हात सोडला आणि जिन्याकडे पळाले.

दारातच त्यांना धरलं. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठांवर पांढरी साल. खुर्चीवर बसवलं, डोक्यावर ओला टॉवेल टाकला, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. शेजारच्या गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली, डोळे बघितले. म्हणाले, माठातलं पाणी पीत राहिले म्हणून वाचले, अजून तासभर बसले असते तर सांगता आलं नसतं. ते गेल्यावर दूधवाला जिन्यात भेटला, तो म्हणाला, मी अकराला बघितलं होतं बाबूजींना. "रोज़ वहीं रुकते हैं न, हमने सोचा आज भी रुके होंगे." त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी कोण ओरडणारी?

तासाभराने बाबांचा चेहरा जरा माणसात आला. हृषीकेशला कळवून झालं होतं, अनुयाला तीनदा सांगून झालं होतं की आजोबा घरी आहेत. ती रडत होती, मी तिला रागावत होते, आणि मनात एकच, तिच्याशिवाय मला हे कधी कळलं असतं? प्रिंटरमध्ये बाबांचा फोटो अर्धा बाहेर येऊन तसाच होता. मी तो उलटा करून ठेवला.

बाबांनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गाडी खोळंबली की प्रवाशांना काय सांगायचं, असं तोंड करून.

"मयुरा, आज फार वेळ आउटरला ठेवलंस ग गाडी," ते म्हणाले. "स्टेशनवर कुणी नव्हतं का?"

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले.

"होते बाबा. मीच होते," मी म्हटलं. "पण ड्यूटीवर नव्हते."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो अजून गरम होता.

"बरं," म्हणाले. "या खेपेला लिहीत नाही."